ज्याचं त्याचं पान

शनिवारी साडेअकराला सगळे काकांच्या घरी जमले. पाच वाजता कोर्टातली खिडकी बंद होणार होती. त्याआधी वेगळ्या घरात राहणाऱ्या आणि कायम नोकरीत असलेल्या एका नातेवाइकानं लेखी हमी द्यायची होती, की ही मुलगी खटला संपेपर्यंत माझ्या घरी राहील आणि प्रत्येक तारखेला हजर होईल. हमी मिळाली नाही, तर पहाऱ्याला आलेल्या पोलीस शिपाईबाई मुंगीला परत कोठडीत नेणार होत्या. असा नातेवाईक सगळ्या खानदानात एकच होता, आणि तो आत्ता स्वतःच्याच दिवाणखान्यात पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"मी आधीच सांगितलंय," काका म्हणाले. "चहा घ्या, जेवा, हवं तेवढं बसा. सही सोडून काहीही मागा."

"मग आम्ही काय जेवायला आलोय?" आत्या म्हणाल्या.

"ताई, तू मधे बोलू नकोस."

"मी मधे नाही, सुरुवातीलाच बोलतेय."

आत्या दोघा भावांहून मोठ्या. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या. सगळ्या गावाचे फोन एके काळी त्यांच्या हातून जोडले गेले होते, आणि दोन माणसांचं बोलणं सुरू झालं की कानावरचं यंत्र काढून ठेवायचं, हा तिथला पहिला धडा होता. म्हणून दोन महिन्यांपूर्वी भाचीनं वर्तमानपत्राला कागद दिले, तेव्हा सगळ्यात आधी आत्याच तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. मुंगी त्याच एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली कायम कुलूपबंद असायची. एकदा वायरी बदलताना मुंगीच्या लक्षात आलं, की गावातली प्रत्येक लाइन फाटा फुटून त्या खोलीत जाते. आत सरकारची यंत्रं होती आणि ती सगळ्यांचं सगळं बोलणं साठवून ठेवत होती. चोराचं, न्यायाधीशाचं, शाळेतल्या मुलांचं. मुंगीनं वरिष्ठांना तीन पत्रं लिहिली. चौथं पत्र तिनं वर्तमानपत्राला लिहिलं.

त्यानंतर तिच्यावर खटला भरला गेला आणि काकांनी दादांचे फोन घेणं बंद केलं.

"तुझं काय जातंय सही करायला?" दादांनी विचारलं. ते मुंगीचे वडील, काकांचे मोठे भाऊ, बाजारात चष्म्यांचं दुकान. आज दुकान बंद ठेवून आले होते, पण सवयीनं समोरच्याच्या डोळ्यांकडे रोखून बघत होते.

"पुढच्या महिन्यात मी मुख्य निबंधक होणार आहे. बत्तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या, त्याचं हे फळ. आणि आत्ता मी सरकारच्या विरोधात सही करू?"

"सरकारच्या विरोधात नाही रे. तुझ्या पुतणीच्या बाजूनं."

"कागदावर ते एकच दिसतं, दादा. मला कागद कळतात."

मुंगी खिडकीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वय बत्तीस, पण या घरात आली की तिची उंची आपोआप चार बोटं कमी व्हायची. अकरा दिवसांच्या कोठडीनंतर तिला मऊ उशी, खिडकी आणि भांडणारी माणसं हे सगळं एकदम मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. काकांचा तिला राग नव्हता. लहानपणी सायकलवरून पडल्यावर गुडघ्याला मलम लावणारे तेच होते, आणि मलम लावताना जास्त घाबरलेलेही तेच होते.

"काकांना नका छळू," ती म्हणाली. "मी जाईन परत. तिथं एक बाई बुद्धिबळ फार छान खेळते."

"तू गप्प बैस," दादा, आत्या आणि काका एका सुरात म्हणाले.

दाराजवळच्या स्टुलावर शिपाईबाई बसल्या होत्या. त्यांनी खालमानेनं बिस्कीट चहात बुडवलं. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

तेवढ्यात जावईबापू आले. काकांचे जावई, मुंगीचे वकील. दोन्ही नाती सांभाळताना त्यांची रोज तारांबळ उडायची. काखेत जाड फाइल होती आणि चेहरा खुललेला.

"सरकारी वकिलांनी शेवटी कागद दिले!" बसायच्या आधीच ते म्हणाले. "खटल्यात जोडलेली संभाषणं. मुंगीची आणि संबंधित व्यक्तींची."

"संबंधित कोण?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आपण सगळे."

दादांनी खुर्ची पुढे ओढली.

"आणि गंमत बघा," जावईबापू उत्साहानं सांगू लागले, "यातली बरीचशी गेल्या वर्षीची आहेत. तेव्हा मुंगीनं काहीच केलं नव्हतं. आपल्यापैकी कोणावर साधा संशयही नव्हता. म्हणजे ती म्हणत होती तेच खरं, सगळं आधीपासून साठवलेलं होतं. खटला उभा राहिल्यावर फक्त कपाट उघडलं. याहून मोठा पुरावा कुठला? ऐका, सहज म्हणून पहिलं पान वाचतो. 'व्यक्ती एक, स्त्री, वृद्ध.'"

"वृद्ध?" आत्या ताठ झाल्या. "वृद्ध कोणी लिहिलं?"

"आत्या, ऐका तर. 'व्यक्ती दोन, पुरुष, चष्म्याचं दुकान. व्यक्ती एक म्हणते, धाकटीकडचा चहा पिण्यापेक्षा मी गरम पाण्यात जुनी चप्पल बुडवून पिईन. दोघेही हसतात. हास्य सुमारे चार सेकंद.'"

जावईबापूंच्या लक्षात आलं, पण फार उशिरा. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे गॅसवर दुसऱ्या फेरीचा चहा उकळत होता.

"चार सेकंद," काकू म्हणाल्या.

"अगं, ते आपलं गमतीत," आत्या म्हणाल्या. आत्यांचा आवाज एवढा बारीक कोणी ऐकला नव्हता. "आणि तीन असतील. दादाच हसत होता जास्त."

"मी?" दादा म्हणाले.

"द्या इकडे." काकूंनी जावयाच्या हातून पुढचं पान ओढून घेतलं. चहाचा अपमान झाल्यावर जावई असो की न्यायाधीश, त्यांना फरक पडत नव्हता. "माझ्या बहिणीशी बोललेलं आहे हे. वाचतेच आता, होऊन जाऊ दे. 'व्यक्ती एक म्हणते, आमच्या ताई समोरच्याला वाक्य पुरं'"

"कोणाला नाही पुरं करू दिलं?"

"'करू देत नाहीत'," काकूंनी वाक्य पुरं केलं.

शिपाईबाईंना ठसका लागला. मुंगीही हसली, दादा हसले. आत्यांनी मात्र पिशवी उचलली. "निघते मी. या घरात माझी किंमत कळली."

"थांबा, ताई! माझ्या चहाची कळलीय ती आधी निस्तरा!"

पाच मिनिटांत सगळ्या बाजू पालटल्या होत्या. सकाळी आत्या आणि दादा एका बाजूला, काका-काकू दुसऱ्या बाजूला होते. आता काकू आत्यांवर, आत्या दादांवर ("तूच म्हणालास, सांग की तिला"), आणि दादा जावईबापूंवर उखडले होते. सही सगळे विसरले. त्या गोंधळात आपण काही केलं पाहिजे असं वाटून जावईबापूंनी विषय बदलायला पुढचं पान उचललं.

"हे बघा, हे वेगळंच आहे. 'गुरुवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. नोंदणी कार्यालयातला दूरध्वनी. व्यक्ती एक, पुरुष'"

काका खुर्चीतून उठले. पान हिसकावून घ्यायला त्यांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला.

ते फक्त मुंगीनं पाहिलं. खिडकीपासून उठून ती तीन ढांगांत फाइलपाशी आली आणि तिनं त्या पानावर तळहात ठेवला.

"बस."

"अगं, पण पुरावा म्हणून"

"पुरावा कोर्टात. घरात नाही. माझं काम त्या खोलीच्या बरोबर शेजारी होतं, भावजी. कोणाचं बोलणं ऐकायचं असतं, तर मला नुसतं एक बटण दाबायचं होतं. मी एकदाही दाबलं नाही. आणि आता आपणच बिस्किटं खात हे मोठ्यानं वाचणार?" तिचा आवाज चढला नव्हता, पण आत्यांनी उचललेली पिशवी खाली ठेवली. "ज्याचं पान त्याला द्या. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, नको असेल त्यानं फाडावं."

"फाडू नका, प्रत आहे ती कोर्टाची," जावईबापू पुटपुटले.

त्यांनी पानं वेगळी करायला घेतली. आत्यांचा गठ्ठा सगळ्यात जाड निघाला.

"माझं काही आहे का हो त्यात?" स्टुलावरून शिपाईबाईंनी विचारलं.

"या फाइलमध्ये नाही," मुंगी म्हणाली. "त्या खोलीत आहे. सगळ्यांचंच आहे."

शिपाईबाईंनी कप खाली ठेवला. त्या कोणाशी आणि काय बोलत असत, कोण जाणे. पण त्यानंतर त्यांनी बिस्किटाला हात लावला नाही.

दुपारभर ते घर ग्रंथालयासारखं शांत होतं. आत्या पलंगावर पाय पसरून वाचत होत्या आणि मधूनमधून स्वतःशीच "बरोबर बोलले की मी" म्हणत होत्या. दादा जिन्यात जाऊन बसले. काकूंनी आपली पानं पोळपाटाखाली ठेवली, स्वयंपाक उरकला, सगळ्यांना वाढलं आणि मगच ती बाहेर काढली. काका बाल्कनीत गेले आणि त्यांनी मागे दार लावून घेतलं.

काकांच्या वाट्याला नऊ पानं आली होती. नऊही गुरुवारची.

जेवणाच्या सुट्टीत नोंदणी कार्यालयाची दप्तरखोली रिकामी असते. तिथला फोन घेऊन, दार लावून काका एका निवृत्त गायनशिक्षिकेला फोन करत. दुसऱ्या गावी राहणाऱ्या, जिना न उतरता येणाऱ्या त्या बाई फोनवरून शिकवत. काकांना लहानपणापासून गायचं होतं. शाळेत एकदा गायला उभे राहिले तेव्हा वर्ग हसला होता, आणि नंतर नोकरी, लग्न, मुलगी, नोंदी यांत ते राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी कोणालाही न सांगता सुरुवात केली. आठवड्याची ती अकरा-बारा मिनिटं सोडली, तर काकांच्या आयुष्यात कोणाला दाखवता येणार नाही असं काहीच नव्हतं.

त्यांनी वाचलं. 'व्यक्ती एक गाते. शब्द नाहीत, नुसते स्वर. अकरा मिनिटं. सांकेतिक संदेश असण्याची शक्यता. तज्ज्ञाचं मत मागवावं.'

पुढच्या पानावर तज्ज्ञाचं मत होतं. 'संदेश आढळला नाही. व्यक्तीला गाता येत नाही.'

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. कान तापले. अकरा वर्षांचे असताना वर्गात तापले होते, अगदी तसेच. मग त्यांची नजर सवयीनं पानाच्या तळाशी गेली. बत्तीस वर्षांत काकांनी हजारो नोंदी केल्या होत्या. आलेल्या माणसाला समोर बसवून, नाव दोनदा विचारून, लिहिलेलं त्याला वाचून दाखवून, त्याची सही घेऊन आणि खाली स्वतःची करून. या पानावर कोणाचीच सही नव्हती. लिहिणाऱ्याची नाही, तपासणाऱ्याची नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला तर कोणी विचारलंही नव्हतं. काकांना आधी लाज वाटत होती. आता राग यायला लागला, आणि रागाची सवय नसल्यामुळे त्यांना कळेना, की याचं करायचं काय.

दार ढकलून काकू आल्या.

"माझं वाचून झालं," त्या म्हणाल्या. "बहिणीला सांगितलं होतं मी, की तुम्ही हल्ली गुरुवारी डबा अर्धा परत आणता. तुम्हाला काही आजार असेल आणि मला सांगत नसाल, म्हणून रडले होते फोनवर. तेही लिहिलंय. 'व्यक्ती रडते.' किती सेकंद ते सांगत नाही."

काकांनी आपली पानं पुढे केली.

"मला नको. मुंगी म्हणाली ना, ज्याचं त्यानं"

"मी देतोय. घे."

काकूंनी कठड्याला टेकून सगळी नऊ पानं वाचली. मधे त्यांचे ओठ हलले. ते हसू होतं की दुसरं काही, काकांना ओळखता येईना.

"म्हणजे डबा यासाठी अर्धा राहायचा?"

"जेवून गाता येत नाही."

"आणि मी मेली दोन वर्षं मीठ कमी-जास्त करत बसले!" काकूंनी डोळे पुसले. "या तज्ज्ञाला म्हणे येत नाही असं वाटतं. तुमच्या बाई काय म्हणतात?"

"बाई म्हणतात, आणखी दोन वर्षं लागतील."

"मग बाईंचं ऐका."

काकांनी पानं परत घेऊन त्यांची घडी घातली. मग त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं.

ते बाहेर आले, तेव्हा दादा जिन्यातून आत येत होते. दोघे भाऊ दिवाणखान्याच्या मधोमध एकमेकांसमोर आले.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," दादा म्हणाले. "माझ्या पानांत आहे. मी ताईला म्हणालो होतो, धाकटा जन्मापासून भित्रा आहे, त्याच्याकडून कसली आशा नाही. हसलोही होतो. आज वाचलं, आणि असं वाटलं, की हे तुला माझ्याकडून कळावं. सही नको करूस. नोकरी आहे तुझी. मुंगीला बघू आपण, काहीतरी करू."

"भित्रा आहेच मी," काका म्हणाले. "आता तर सरकारी दप्तरातही आहे ते. जावईबापू, हमीपत्र कुठाय?"

जावईबापूंना क्षणभर फाइलमधलं हमीपत्र सापडेना.

"अरे, पण मी नको म्हणतोय!" दादा म्हणाले.

"सकाळी कर म्हणत होतास, आता नको म्हणतोस. तुझं ऐकून कोणी काही करायचं तरी कसं?"

"आणि निबंधकपद?" आत्यांनी विचारलं. त्यांचा दिवसभरातला हा एकच प्रश्न खालच्या आवाजातला होता.

"सोमवारी साहेबांना मीच जाऊन सांगेन. ताई, मी नोंदी करणारा माणूस आहे. चोरून लिहायला लागलो असतो, तर दहा वर्षांपूर्वीच मुख्य झालो असतो." एवढं मोठं वाक्य बोलून काका स्वतःच दचकले. "चप्पल कुठाय माझी?"

मुंगी खिडकीजवळच उभी होती. काकांच्या पानांत काय होतं, तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नाही. ती नुसती येऊन त्यांच्या दंडाला बिलगली, आणि काका म्हणाले, "सोड, उशीर होतोय," आणि तसेच उभे राहिले.

"कोर्टाची खिडकी पाचला म्हणतात, पण पावणेपाचलाच लावतात," शिपाईबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी टोपी चढवली. "चला, चला. लिफ्ट मी धरते."

काकांच्या छोट्या गाडीत सातजण मावत नाहीत, हे त्या दिवशीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. दादा पुढे, मांडीवर फाइल. मागे काकू, त्यांच्या अंगावर अर्ध्या आत्या, त्यांच्या पलीकडे जावईबापू कोपर नाकाशी घेऊन, आणि मुंगी सगळ्यांच्या गुडघ्यांवर आडवी. शिपाईबाई दादांना सरकवून पुढेच घुसल्या. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि समोर गाड्यांची रांग लागली.

"चार एकेचाळीस," जावईबापू कोपरामागून म्हणाले.

शिपाईबाई दार उघडून उतरल्या, चौकाच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात आडवे पसरून उभ्या राहिल्या. तिन्ही रस्ते थांबले. काकांनी जन्मात कधी लाल दिवा ओलांडला नव्हता.

"अहो, जा की!" काकू, आत्या आणि दादा ओरडले.

काका गेले. चौकापलीकडे शिपाईबाई पुन्हा आत घुसल्या.

कोर्टाच्या तळमजल्यावर कारकून खिडकीची फळी खाली ओढतच होता. आत्यांनी पिशवी फळीखाली सारली.

"बंद झालं, आजी."

"आजी कोणाला म्हणता? चौतीस वर्षं नोकरी केलीय मी. वेळेआधी खिडकी लावली असती, तर गाव अंगावर धावून आलं असतं."

फळी वर गेली. कारकुनानं हमीपत्र घेतलं, चष्मा सारखा केला, आणि दादांनी लगेच पाहून घेतलं, की त्याची डावी काच सैल आहे. कारकून तोंडानं वाचत एकेक रकाना भरू लागला. पत्ता. नोकरी. हुद्दा. हुद्द्याशी येऊन तो थांबला आणि त्यानं काकांकडे नीट बघितलं.

"सरकारी नोकरीत आहात. या खटल्यात हमी देताय, हे वरिष्ठांना कळवावं लागतं. माहीत आहे ना?"

"कळवा."

"लिहू तसं?"

"पूर्ण लिहा. संक्षिप्त नको. आणि मला वाचून दाखवा."

कारकुनानं लिहिलं, वाचून दाखवलं. शेवटचा रकाना राहिला.

"आरोपीला किती वर्षं ओळखता?"

"बत्तीस."

"नक्की? पुरावा काही?"

"तुमच्या समोरच्याच इमारतीत आहे," काका म्हणाले. "जन्माच्या नोंदवहीत. कार्यालयातला माझा तिसरा दिवस होता. दादा धावत आला आणि म्हणाला, मुलगी झाली, लिही. माझ्या हातची पहिली नोंद तीच. हात इतका कापत होता, की वजनाच्या रकान्यात शाई सांडली."

दादांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. आत्या पहिल्यांदाच कोणाच्या बोलण्यात मधे बोलल्या नाहीत.

कारकुनानं शिक्का उचलला, शाईत दाबला आणि हमीपत्रावर मारला. मग काकांची सही झाली, शिपाईबाईंच्या वहीत मुंगीची सही झाली, आणि वही मिटून शिपाईबाई म्हणाल्या, "मोकळ्या आहात. माझं काम संपलं."

पायऱ्यांवर येईपर्यंत नवं भांडण सुरू झालं होतं. दादांचं म्हणणं, गादी आपल्या घरून येईल. काकूंचं म्हणणं, आमच्या घरात काय गाद्यांचा दुष्काळ आहे? आत्यांनी जाहीर केलं, की भाचीला सोबत म्हणून आपणही काकांकडेच राहणार, आणि सकाळचा चहा त्या स्वतः करणार.

"करा की," काकू म्हणाल्या. "बघू तरी."

काका दोन पायऱ्या मागे राहिले होते. मुंगी त्यांच्यासाठी थांबली.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"खूप," काका म्हणाले, आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. "तू चालव. आज एक लाल दिवा ओलांडलाय, तेवढं पुरे."